संगणक जागा होईना, तेव्हां काय करावें?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. दहावींतील एक विद्यार्थी सकाळची घंटा होण्यापूर्वींच आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला, डोळे जागरणानें तांबारलेले. त्याच्या वडिलांचें किराणा मालाचें दुकान आहे. दुकानाचे पांच वर्षांचे हिशेब, उधारीच्या याद्या व करासंबंधींचीं कागदपत्रें घरच्या संगणकांत सांठविलेलीं होतीं. आदल्या संध्याकाळीं या मुलानें, कोणा मित्रानें सांगितलें म्हणून, संगणकाच्या मदरबोर्डाचें बायोस अपडेट केलें. काम शेवटास गेलें, तें पूर्ण झाल्याची सूचनाही पडद्यावर उमटली. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झाला, पंखे फिरूं लागले. परंतु पडदा काळाच राहिला. दोन मिनिटें वाट पाहून मुलानें बटण दाबून तो बंद केला, पुन्हां चालू केला, पुन्हां बंद केला. असें पांच-सहा वेळां झालें. रात्रींच तो बाजारांतील एका दुरुस्ती करणाऱ्यास दाखविला. त्यानें उभ्याउभ्याच निकाल दिला: "बोर्ड गेला. नवा घ्या, आणि डिस्क कोरी करून विंडोज नव्यानें घाला." वडील कांहीं बोलले नाहींत, पण त्या रात्रीं त्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

"सर, बाबांचे हिशेब गेले का?" असें त्यानें आम्हांस विचारलें. उत्तर न देतां आम्हीं त्यास उलट विचारलें, "तो थांबला कोठें?" मुलास प्रश्नाचा अर्थच कळला नाहीं. "चालूच होत नाहीं, सर," इतकेंच तो म्हणाला. वस्तुतः 'चालू होत नाहीं' हें वर्णन 'बरें वाटत नाहीं' या वर्णनासारखें आहे. डोकें दुखतें कीं पोट दुखतें हें समजून घेतल्यावांचून शहाणा वैद्य औषध देत नाहीं. संगणकाचेंही तसेंच आहे. जागा होतांना तो ठराविक पायऱ्या चढत असतो, आणि कोणत्या पायरीवर त्याचें पाऊल अडलें हें ज्यानें पाहिलें त्याचें निम्में काम झालें. शिवाय बायोस अपडेट केल्यानंतर न उठणारा संगणक बहुतेक वेळीं मेलेला नसतो. तो कांहीं तरी विसरलेला असतो. तें काय, आणि त्याची आठवण त्यास कशी करून द्यावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम बायोस म्हणजे काय तें पाहूं. आपल्या शाळेचा दिवस कसा सुरू होतो हें वाचकांनीं डोळ्यांसमोर आणावें. मुख्याध्यापक येण्याच्या पुष्कळ आधीं शिपाई येतो. त्याच्याजवळ किल्ल्यांचा जुडगा असतो. तो फाटक उघडतो, वर्गांचीं दारें उघडतो, दिवे लागतात कीं नाहीं, नळास पाणी आहे कीं नाहीं हें पाहतो, आणि सर्व यथास्थित आहे असें दिसल्यावर कार्यालय उघडून देतो. मग मुख्याध्यापक येतात आणि पुढील कारभार त्यांच्या हुकुमानें चालतो. संगणकांत विंडोज किंवा लिनक्स हे मुख्याध्यापक होत, आणि बायोस हा तो शिपाई होय. बटण दाबल्या क्षणीं प्रोसेसरास कांहींच ठाऊक नसतें. रॅम ही त्याची तात्पुरती स्मृति, पण ती वीज जातांच कोरी होते. म्हणून प्रोसेसर आपली पहिली आज्ञा एका ठराविक ठिकाणाहून वाचतो, आणि तें ठिकाण म्हणजे मदरबोर्डावरील, बहुधा आठ पायांची, एक लहानशी चिप. बायोस या चिपेंत राहतें. हल्लींच्या बहुतेक बोर्डांवर तिची सांठवण १६ किंवा ३२ मेगाबाइट असते, म्हणजे मोबाइलनें काढलेलीं तीन-चार किंवा सात-आठ छायाचित्रें मावतील इतकी. एवढ्याशा जागेंतून सगळ्या यंत्राचा दिवस उगवतो!

'बायोस' हें नांव गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत आपल्या सीपी-एम नांवाच्या प्रणालींत प्रथम वापरलें. १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याचें बायोस अशा चिपेंत होतें कीं, एकदां लिहिलें तें लिहिलें. दगडावरील कोरीव अक्षरांप्रमाणें तें बदलतां येत नसे. पुढें जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश नांवाची स्मृति शोधून काढली व १९८४ मध्यें ती जगापुढें मांडली. ही वीज गेली तरी विसरत नाहीं, आणि पुसून पुन्हां लिहितांही येते. कालांतरानें बायोस या नव्या पाटीवर लिहिलें जाऊं लागलें. सोय झाली, तसा धोकाही आला. १९९८ मध्यें तैवानांत निपजलेला सीआयएच नांवाचा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजीं जगभर जागा झाला. तो डिस्कवरील माहिती तर नासवीच, पण कित्येक यंत्रांतील बायोसही खोडून टाकी. तेव्हां लोकांस कळून आलें कीं, जें लिहितां येतें तें बिघडवितांही येतें. आजच्या संगणकांतील हा शिपाई यूईएफआय नांवाच्या नव्या पद्धतीचा असून तो पुष्कळच अधिक शिकलेला आहे. परंतु लोक त्यास जुन्याच नांवानें, म्हणजे बायोस म्हणूनच, हाक मारतात. आम्हीही तसेंच करूं.

आतां कोणी म्हणेल, "इतका धोका आहे तर अपडेट करावेंच कशाला?" हा विचारही एकांगी होय. २०१९ सालीं एएमडी कंपनीचे तिसऱ्या पिढींतील रायझन प्रोसेसर आले, तेव्हां जुन्या बोर्डांवर ते बसत असूनही नवें बायोस घातल्यावांचून ओळखले जात नसत. इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं मेज-संगणकी प्रोसेसरांस गरजेपेक्षां अधिक विद्युद्दाब मिळून ते हळूहळू खराब होत असल्याचें २०२४ सालीं उघडकीस आलें. त्यावरील उपाय त्या वर्षींच्या ऑगस्टपासून बायोसच्या अपडेटांतूनच देण्यांत आला. मात्र जो प्रोसेसर आधींच खराब झाला होता तो या अपडेटानें सुधारत नसे. तेथें चालढकल करणाराचेंच नुकसान झालें. याच्या उलट उदाहरणही आहे. २०१८ च्या जानेवारींत प्रोसेसरांतील दोन मोठे सुरक्षादोष प्रसिद्ध झाल्यावर घाईनें जीं अपडेटें निघालीं, त्यांमुळें कित्येक संगणक अवचित बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागले, आणि २२ जानेवारी रोजीं इंटेलनेंच तीं वांटणें थांबवावें असें सांगितलें. तात्पर्य, अपडेट करावें तें कारण पाहून. संगणक नीट चालत असतां केवळ 'नवें आलें आहे' म्हणून त्याच्या मुळाशीं हात घालूं नये. आणि सुरक्षेचें किंवा प्रकृतीचें कारण असल्यास भीतीनें टाळूंही नये.

अपडेट केल्यानें नेमकें काय बदलतें? तीन गोष्टी. पहिली, चिपेंतील जुना कार्यक्रम जाऊन नवा येतो, म्हणजे जुना शिपाई जाऊन नवा रुजू होतो. दुसरी, तुम्हीं पूर्वीं करून ठेवलेल्या निवडी बहुधा पुसल्या जाऊन कारखान्यांतील मूळच्या निवडी परत येतात. नव्या शिपायास जुन्या रीती ठाऊक नसतात. कोणतें दार आधीं उघडावयाचें, कोणत्या खोलीची किल्ली अडकते, हें तो जाणत नाहीं. तिसरी, संगणकांत टीपीएम नांवाचा एक तिजोरीवरचा पहारेकरी असतो, त्यास चेहरा बदललेला दिसतो व तो संशय घेतो. आणि काय बदलत नाहीं हें तर त्याहून महत्त्वाचें आहे. डिस्कवरील तुमचे हिशेब, पत्रें, छायाचित्रें यांस बायोसचें अपडेट शिवतही नाहीं. बायोस राहतें मदरबोर्डावरील चिपेंत. तुमची माहिती राहते डिस्कवर. शिपाई बदलला म्हणून कपाटांतील दप्तर जळत नाहीं. म्हणून अपडेटनंतर संगणक उठेना, तर 'डिस्क कोरी करा' हा सल्ला पहिल्या दिवशीं तरी कोणीं ऐकूं नये.

येथून पुढें पायऱ्या. संगणक चार ठिकाणीं अडूं शकतो.

पहिली पायरी: बटण दाबलें, पण दिवा नाहीं, पंखा नाहीं, आवाज नाहीं. हा दोष बायोसचा क्वचितच असतो. भिंतींतील प्लग, पाठीमागील लहान स्विच, एक्स्टेन्शन बोर्ड, सैल झालेली वायर हीं आधीं पाहावीं. नंतर प्लग काढून ठेवून संगणकाचें बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत शिल्लक राहिलेली वीज निघून जाते. मग पुन्हां जोडून पाहावें. एवढ्यानेंही कित्येक रुसलेलीं यंत्रें उठतात.

दुसरी पायरी: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा. आमच्या विद्यार्थ्याचा संगणक येथेंच थांबला होता. येथें पहिला उपाय म्हणजे वाट पाहणें. हें ऐकून हसूं येईल, पण त्यास कारण आहे. रॅमच्या पट्ट्या व प्रोसेसर यांच्यामध्यें शेंकडो सूक्ष्म रेषांवरून निरोप जात-येत असतात, आणि प्रत्येक रेषेवरील निरोप नेमक्या कोणत्या क्षणीं वाचावा हें बायोसला जुळवून पाहावें लागतें. कवाईतींत पहिल्या दिवशीं ओळ सरळ करण्यांत वेळ जातो, पुढें मुलें आपोआप जागेवर उभीं राहतात. तसाच हा प्रकार. एकदां जुळलेला ताल बायोस टिपून ठेवतें, म्हणून रोज वेळ लागत नाहीं. अपडेटमध्यें तें टिपण पुसलें जातें व कवाईत पहिल्यापासून करावी लागते. डीडीआर-५ जातीच्या नव्या रॅमला यासाठीं कांहीं मिनिटें लागतात. पट्ट्या मोठ्या किंवा चार असल्या तर अधिकच. तेवढा वेळ पडदा काळा राहतो आणि संगणक मधून मधून स्वतःच बंद होऊन सुरू होतो. जो माणूस दर दोन मिनिटांनीं वीज तोडतो, तो ही कवाईत दर वेळीं मोडून टाकतो. म्हणून घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटें हात मागें बांधून बसावें. शिवाय अपडेटचा कांहीं भाग पुन्हां सुरू झाल्यानंतरही लिहिला जात असतो. अशा वेळीं वीज तोडल्यास जें बिघडलें नव्हतें तें खरोखरीच बिघडेल.

वाट पाहून उपयोग झाला नाहीं, तर पेटीची बाजू उघडून बोर्डाकडे पाहावें. पुष्कळ नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात व त्यांजवळ प्रोसेसर, रॅम, चित्रकार्ड आणि बूट यांचीं इंग्रजी आद्याक्षरें किंवा नांवें छापलेलीं असतात. जेथें काम अडलें तेथील दिवा जळत राहतो. ज्या बोर्डावर असे दिवे नाहींत, तेथें लहानसा भोंगा असल्यास तो ठराविक वेळां वाजतो. किती वेळां वाजल्यास काय समजावें हें बोर्डाच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें, आणि तें कंपनीगणिक निराळें असतें. पडद्याची केबल चित्रकार्डास जोडलेली आहे कीं चुकून बोर्डाच्या खिडकीस, हेंही पाहावें. बायोसनें निवड बदलली असल्यास एका खिडकींतून चित्र येतें व दुसरींतून येत नाहीं.

त्यानंतरचा उपाय म्हणजे बायोसच्या निवडी पुसून मूळपदावर आणणें, ज्यास कारागीर 'सीमॉस क्लिअर करणें' म्हणतात. यासाठीं कांहीं बोर्डांवर बटण असतें, कांहींवर दोन उघड्या पिना असतात व त्या क्षणभर जोडावयाच्या असतात. दोन्ही नसल्यास बोर्डावरील रुपयासारखा वाटोळा सेल काढावा. त्याचें नांव सीआर-२०३२. नांवांतच त्याचें माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. प्लग काढलेला असतांनाच हा सेल काढावा, दहा मिनिटें बाहेर ठेवावा व तसाच परत बसवावा. संगणक पांच-सात वर्षांचा असल्यास नवा सेलच घालावा, कारण तो अल्प किंमतींत मिळतो. येथें पालकांस एक सूचना: हा सेल लहान मुलांच्या हातीं कदापि पडूं देऊं नये, तो गिळला गेल्यास जिवावर बेततें. आणि विद्यार्थ्यांस दुसरी सूचना: पेटीच्या आंत हात घालण्यापूर्वीं प्लग काढावा, पेटीच्या रंग न लावलेल्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी, आणि वीज पुरविणारी जी बंद डबी आंत असते तिचे स्क्रू कोणत्याही कारणानें काढूं नयेत.

यानेंही काम न झाल्यास भार कमी करावा. पेन ड्राइव्ह, बाहेरील डिस्क, प्रिंटर इत्यादि सर्व काढावें. रॅमची एकच पट्टी ठेवावी. चार खांचा असल्यास ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या खांचेंत बसवावी असें पुस्तिकेंत सांगितलेलें असतें. या स्थितींत संगणक उठला, तर एक एक वस्तु जोडीत जावें. ज्या वस्तूनें तो पुन्हां अडतो ती वस्तु सांपडली असें समजावें. क्वचित् असेंही होतें कीं, नव्या बायोसमध्यें जुन्या प्रोसेसराची ओळखच उरलेली नसते. एएमडीच्या कांहीं बोर्डांवर १६ मेगाबाइटांच्या चिपेंत नव्या प्रोसेसरांसाठीं जागा करण्यास जुन्यांचीं नांवें यादींतून काढलीं गेलीं. म्हणून आपला प्रोसेसर त्या विशिष्ट बायोसच्या यादींत आहे कीं नाहीं, हें कंपनीच्या पानावर आधींच पाहून घ्यावें.

आणि बायोस खरोखरीच अर्धवट लिहिलें गेलें असेल तर? मधेंच वीज गेली असेल तर? तरीही सर्व संपलें असें नाहीं. पुष्कळ नव्या बोर्डांवर पाठीमागें एक वेगळें बटण असतें. योग्य बायोसची फाइल, पुस्तिकेंत सांगितलेलें नांव देऊन, फॅट-३२ पद्धतीनें तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, तो ठराविक खांचेंत घालावा व तें बटण दाबून धरावें. प्रोसेसर व रॅम निकामी असली, फार काय, बसविलेली नसली, तरीही बोर्ड स्वतःच ती फाइल चिपेंत उतरवून घेतो. कांहीं बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात. एक बिघडली तर दुसरी कामास येते. एचपीच्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज व बी या कळा, डेलच्या अनेक लॅपटॉपांवर कंट्रोल व एस्केप या कळा दाबून धरल्यास सांठविलेली जुनी प्रत परत आणतां येते. यांपैकीं कांहींच नसल्यास जाणता कारागीर प्रोग्रामर नांवाच्या लहान उपकरणानें चिपेंत बायोस बाहेरून लिहूं शकतो. हें काम मात्र घरीं करूं नये. कारण कांहीं चिपा ३.३ व्होल्टांच्या, कांहीं १.८ व्होल्टांच्या असतात, आणि चुकीचा दाब दिल्यास चिप जाते. इतकें सर्व करूनही उपयोग न झाला, तरच 'बोर्ड गेला' हा शब्द उच्चारावा.

तिसरी पायरी: कंपनीचें चिन्ह पडद्यावर येतें, परंतु पुढें 'बूट करण्यास साधन नाहीं' असें म्हणून संगणक थांबतो, किंवा पुन्हां पुन्हां बायोसच्याच पानावर येतो. म्हणजे शिपायानें फाटक उघडलें, पण मुख्याध्यापकांची खोली त्यास सांपडली नाहीं. बायोसच्या पानावर जाऊन डिस्कचें नांव दिसतें कीं नाहीं तें पाहावें. दिसत असल्यास, आधीं कोणत्या वस्तूपासून सुरुवात करावी याच्या क्रमांत विंडोजची डिस्क पहिली ठेवावी. संगणक जुना असून त्यावरील विंडोज जुन्या रीतीनें बसविलेलें असेल, तर सीएसएम नांवाची निवड चालू असावी लागते. अपडेटनें ती बंद केली असेल, ती पुन्हां चालू करावी.

चौथी पायरी: विंडोज सुरू होऊं लागतें व मधेंच निळ्या किंवा काळ्या पानावर अडतें. येथें दोन प्रकार आहेत. त्या पानावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' हे शब्द असल्यास बहुधा डिस्कशीं बोलण्याची रीत बदललेली असते. एएचसीआय व रेड अशा दोन रीती आहेत. इंटेलच्या नव्या यंत्रांवर व्हीएमडी हें नांवही दिसतें. पूर्वीं जी रीत होती तीच परत निवडावी, म्हणजे विंडोज सुरळीत उठतें. दुसरा प्रकार अधिक धास्तीचा. पडद्यावर बिटलॉकरचें पान येतें व ४८ अंकांची किल्ली मागतें. हाच तो तिजोरीवरचा पहारेकरी. अनेक नव्या संगणकांवर विंडोज डिस्कवरील माहिती कुलुपांत ठेवतें, आणि मालकास तें ठाऊकही नसतें. रोज हा पहारेकरी ओळखीचा चेहरा पाहून मुकाट्यानें कुलूप उघडतो; शिपाई बदललेला दिसतांच तो किल्ली मागतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत, किंवा कोणी कागदावर छापून ठेवली असल्यास त्या कागदावर सांपडते. एएमडीच्या कांहीं यंत्रांवर याच्याही आधीं एक प्रश्न येतो: टीपीएममधील जुनी सांठवण पुसावयाची असल्यास वाय, ठेवावयाची असल्यास एन. किल्ली हातांत नसतां येथें वाय दाबूं नये. किल्ली कोठेंच सांपडली नाहीं, तर ती माहिती कोणाही कारागिरास, कितीही पैसे दिले तरी, काढून देतां येत नाहीं. एवढी एकच हानि या साऱ्या प्रकरणांत अशी आहे कीं, जीस पुढें इलाज नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. दुपारच्या सुटींत तो वडिलांसह संगणक घेऊन आला. पेटी उघडली, तों रॅमच्या नांवाजवळील पिवळा दिवा जळत होता. प्लग काढून सेल काढला, दहा मिनिटांनीं परत बसविला, एकच पट्टी ठेविली व चालू करून सर्वजण बसलों. तीन मिनिटें झालीं, पांच झालीं. मुलाचा हात दोनदां बटणाकडे गेला व वडिलांनीं तो धरला. आठव्या मिनिटास संगणक स्वतःच बंद झाला. मुलाचा चेहरा पांढरा पडला. तो स्वतःच पुन्हां सुरू झाला, आणि अकराव्या मिनिटास कंपनीचें चिन्ह पडद्यावर आलें. नेमक्या कोणत्या उपायानें तो उठला असें कोणी विचारील, तर आमच्या मतें वाट पाहण्यानें. बाकीच्यांनीं साहाय्य केलें. परंतु आनंद क्षणभरच टिकला, कारण पाठोपाठ बिटलॉकरचें पान आलें. वडिलांनीं कपाळावर हात मारला. संगणक घेतला तेव्हां त्यावरील खातें थोरल्या मुलानें आपल्या नांवें उघडलें होतें, व तो शिक्षणासाठीं पुण्यास होता. त्यास फोन केला. त्यानें आपल्या खात्यांतून ४८ अंक वाचून दाखविले, धाकट्यानें सहा-सहा अंकांचे आठ गट एकेक करून लिहिले, पुन्हां वाचून पडताळले, आणि विंडोज उघडलें. हिशेबाची एक ओळही गेली नव्हती. आदल्या रात्रींच्या सल्ल्याप्रमाणें डिस्क कोरी केली असती, तर धड बोर्ड टाकून देऊन, वर पांच वर्षांचे हिशेब पैसे मोजून पुसविल्यासारखें झालें असतें.

यावरून अपडेट करण्यापूर्वीं काय करावें हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तरी संक्षेपानें सांगतों. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत बाहेरील डिस्कवर करून ठेवावी. बिटलॉकरची किल्ली शोधून कागदावर लिहावी, आणि अपडेटपुरतें तें कुलूप विंडोजमधून तात्पुरतें स्थगित करावें. बायोसच्या पानांचीं छायाचित्रें मोबाइलनें काढून ठेवावीं, म्हणजे कोणती निवड पूर्वीं काय होती याबद्दल वाद राहत नाहीं. बोर्डाचें नांव व त्याची आवृत्ति अक्षर न् अक्षर पडताळून फाइल कंपनीच्याच पानावरून घ्यावी. नांवांत एका अक्षराचा फरक म्हणजे निराळा बोर्ड. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसवांचून, किंवा लॅपटॉप असल्यास भरलेली बॅटरी व चार्जर दोन्ही असल्यावांचून, या कामास हात घालूं नये. आणि यूपीएस असला तरी विजा चमकत असतां घालूं नये. परीक्षेच्या किंवा कर भरण्याच्या आदल्या दिवशीं तर मुळींच नाहीं.

कारागिरावर विश्वास ठेवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. चांगला कारागीर हा वैद्याइतकाच उपकारकर्ता होय. परंतु त्याच्याकडे जातांना 'चालू होत नाहीं' असें न सांगतां 'पंखे फिरतात, रॅमचा दिवा जळतो, पंधरा मिनिटें वाट पाहिली, निवडी पुसून पाहिल्या, डिस्कला हात लावूं नये' असें जो सांगूं शकतो, त्याचे पैसे व त्याची माहिती दोन्ही सुरक्षित राहतात.

त्या विद्यार्थ्यानें आतां एक वही केली आहे. तींत बोर्डाचें नांव, बायोसची आवृत्ति, प्रत्येक निवड व प्रत्येक बदलाची तारीख तो लिहून ठेवतो. किल्लीचा कागद मात्र वहींत नसून वडिलांच्या कपाटांत आहे. वहीबद्दल आम्हीं विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं, ती त्याच्या टेबलावर नसते; दुकानांत, हिशेबाच्या चोपड्यांशेजारीं, वडिलांनींच ती ठेवून घेतली आहे.